विषय क्रमांक चार

बाबा एकवीस वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते
आणि कुणीही सांगितलेलं नसताना
दर वर्षीची सर्वसाधारण सभा रेकॉर्ड करायचे.
आधी कॅसेटवर, मग सीडीवर.
कर्वेनगरातली चोवीस बिऱ्हाडं, गच्चीवर सतरंज्या,
टाकीच्या कट्ट्यावर हातरुमाल अंथरून
त्यावर रेकॉर्डर.

बुधवारात, पासोड्या विठोबापाशी,
कोऱ्या डिस्कचा डबा देताना दुकानदार म्हणाला होता,
काका, नुसतं पेनानं लिहा.
डिस्कला कागद चिकटवणं म्हणजे घोड्याला धोतर.
धावेल, पण किती?
बाबांनी लेबलंही घेतली. पन्नासचं पाकीट.
वर ते मधे खुंटी असलेलं प्लास्टिकचं ठोकळं:
गोंदाची बाजू वर, डिस्क खुंटीत,
श्वास धरून तळहातानं एकदाच दाबायचं.
केसभर सरकलं तर ड्राइव्ह घरघरतो
जातं ओढल्यासारखा.
बाबांचं सरकायचं नाही.
जन्मभर कंपनीत ड्रॉइंग बोर्डावर वर्तुळं काढलेला माणूस.

वा. स. सभा, २००६.
एक, मागील इतिवृत्त. दोन, लिफ्ट, तहकूब.
तीन, श्री. कर्णिक यांच्या कुंड्या.
चार, पाण्याची वेळ. सौ. कुंदा वर्तक यांची हरकत.

हरकत. आईची.
आमटीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा जी
न बोलता सांगायची,
मिठाची वाटी पुढे सरकवून.

मी तेव्हा नागपूरला होस्टेलवर.
नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं:
ती उठली, चार मिनिटं बोलली,
पंप पहाटे साडेचारला लावणाऱ्या पुरुषांनी
आठवडाभर साडेचारला उठून पिंपं भरावीत असं काहीतरी,
कर्णिक हसले, मग हसायचे थांबले.
नेमकं काय म्हणाली गं, विचारलं तर ती म्हणे, काही नाही.
बाबा म्हणत, रेकॉर्डवर आहे.

ती गेली तेव्हाही म्हणाले, रेकॉर्डवर आहे.
लग्नाच्या व्हिडिओत सनई आहे, आई मुकी आहे.
फोनवर ती फक्त हं म्हणायची, आणि ते कोण जपून ठेवतं.

यंदा बाबांचं कपाट आवरताना डिस्क सापडली.
अठरा उन्हाळे माळ्याखाली काढलेली.
लेबल पापडासारखं फुगलेलं, अक्षर मात्र जसंच्या तसं.
ड्राइव्हनं गिळली, घुसळली,
"गणसंख्या पूर्ण झाल्याचे" इथपर्यंत बाबांचा आवाज दिला
आणि परत ओकली.

मग मी ते केलं.
कडेला नख घातलं, हळूच,
जखमेवरची पट्टी काढावी तसं.

लेबल सुटलं. त्याच्या पाठीला चंदेरी पापुद्रा.
डिस्कवर भोक नव्हे, खिडकी पडली:
आरपार दिसली समोरची बिल्डिंग,
कुणाचा तरी वाळत घातलेला परकर.

आपण आयुष्यभर जपतो ती खालची चकाकी,
बोट लागू देत नाही, फुंकर मारून पुसतो.
आवाज तिथे नसतोच.
तो असतो वर, वार्निशाच्या एका थराआड,
नावाच्या अगदी पाठीला पाठ लावून.
गोंद वर्षानुवर्षं तेवढंच खात बसलेला.

बाबा, दुकानदाराचं ऐकायचं होतंत.
नाहीतर निदान
एवढं नेमकं मधोमध तरी लावायचं नव्हतंत.

लेबल मी फेकलेलं नाही.
उजेडात तिरकं धरलं की
"हरकत" या शब्दामागे चांदी चमकते,
ती तिचीच चार मिनिटं की कर्णिकांच्या कुंड्या,
सांगता येत नाही.

रात्रभर तिथेच बसले होते बहुतेक.
डोक्यावर गच्चीत घसा खाकरल्यासारखा पाइप वाजला,
मग टाकीत पाणी पडायला लागलं.
घड्याळ पाहिलं. साडेपाच.
२००६ पासून साडेपाच.
ठराव बहुमताने मंजूर.